पखुर्डीचं पोट आणि सोलापुरी टॉवेल

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की ‘दुपारी चिटपाखरू दिसत नाही’ असं आपण म्हणतो. चिटपाखरं असतात. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर जाऊन नान्नजच्या माळावर पाहावं.

टिटवी तिथे भर उन्हात अंड्यांवर बसलेली दिसेल, आणि ती उबवण्यासाठी नव्हे. तापलेल्या मुरमावर अंडी वाचवायची तर सावली धरावी लागते. जवळपास पाणी असलं तर टिटवी पोटाची पिसं भिजवून येते आणि ओलेत्याने अंड्यांवर बसते.

पखुर्डीने हीच युक्ती फार पुढे नेली आहे. कबुतराएवढा, मातीत मिसळून जाणारा हा पक्षी जवळजवळ फक्त कोरड्या बियांवर जगतो. पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच स्वतः दाणे टिपू लागतात, आईबाप भरवत नाहीत. पण कोरडं बी खाल्लं की तहान लागणारच, आणि उडता येईपर्यंत पाणवठा गाठणं पिल्लांना जमत नाही. मग बाप पाणी आणतो, तेही चोचीत नाही, पोटाच्या पिसांत!

मीड-वाल्डो या इंग्रज पक्षीपालकाने १८९६ साली हे लिहिलं, तेव्हा अनेकांना ती थाप वाटली. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या दोघांनी आफ्रिकेतल्या कालाहारीत, पखुर्डीच्याच कुळातल्या नामाक्वा जातीवर अभ्यास करून ते खरं ठरवलं. या जातीचा नर सुमारे २५ मिलिलिटर पाणी धरतो. त्याचं वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर असतं, हे लक्षात घेतलं की ओझं कळतं.

पाणी टिकतं कसं, हे सोलापूरकराला समजावणं सोपं आहे. आपल्या टर्किश टॉवेलवर सुताचे बारीक फास उभे असतात. त्यांच्यामधल्या फटींत पाणी ओढलं जातं आणि तिथेच धरलं जातं. नराच्या पोटावरच्या पिसांचे सूक्ष्म तंतू कोरडे असताना गुंडाळलेले, चपटे असतात. पाणी लागलं की ते उलगडतात, उभे राहतात आणि त्यांचं दाट जाळं तयार होतं. टॉवेलचे फास मात्र कायम उभेच असतात. इतकी हुशारी आपल्या मागांना अजून जमलेली नाही.

याला आपण ‘परिस्थितीशी जुळवून घेणं’ म्हणतो. मला तो शब्द खटकतो. नव्या सुनेला सांगतात तसं कुणी पखुर्डीला ‘जुळवून घे गं बाई’ म्हटलेलं नाही. ज्या नराच्या पिसांत योगायोगाने थोडं जास्त पाणी राहिलं, त्याची पिल्लं जास्त जगली आणि तशीच पिसं त्यांच्याकडे गेली. हजारो पिढ्या हेच होत राहिलं, ठरवलं कुणीच नाही.

म्हणून माळढोकाची पंचाईत झाली आहे. मोकळ्या माळावर दोन्ही बाजूंचा धोका टिपणारे त्याचे डोळे समोरचं नीट पाहू शकत नाहीत. समोर विजेची तार आली तर एवढ्या जड पक्ष्याला ऐनवेळी वळता येत नाही, आणि तारांना येऊन हजारो पिढ्या झालेल्या नाहीत.

पखुर्ड्या सकाळी, ऊन थोडं वर आल्यावर पाणवठ्यावर उतरतात. पाणी पिऊन झाल्यावरही एखादा नर पाण्यात बसून पोट घुसळत राहिला, तर माळावर कुठेतरी त्याची पिल्लं तहानलेली आहेत असं समजावं.