बातमी वाचून गोळी बंद करण्याआधी

आमच्या दवाखान्यात येणाऱ्या सर्वांसाठी माहितीपत्रक. फाइलमध्ये ठेवा, घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.

बीपीचा पट्टा दंडाला बांधेपर्यंत पेशंट गप्प असतो. पट्टा फुगू लागला की विचारतो, "डॉक्टर, अंड्याचं शेवटी काय ठरलं? खायचं की नाही?" (पट्टा फुगत असताना बोलू नका. बोलल्याने आकडा वर जातो आणि मग दोघांनाही उगाच काळजी.) प्रश्न मात्र रास्त असतो. सकाळी पेपरात एक वाचलेले असते, दुपारी टीव्हीवर नेमके उलटे ऐकलेले असते, रात्री फॅमिली ग्रुपवर तिसरेच काहीतरी येऊन पडते. बाहेर लोक नंबर लावून बसलेले असताना याचे नीट उत्तर देणे जमत नाही, आणि "काही होत नाही हो" म्हणून बोळवण करणे मला पटत नाही. म्हणून हे लिहून काढले.

टक्के सोडा, माणसे मोजा

"धोका दुप्पट" असे वाचले की आधी विचारा: कितीचे किती झाले?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने देशभरातल्या डॉक्टरांना पत्रे पाठवली. नव्या प्रकारच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, असे त्यांत म्हटले होते. बातमी खोटी नव्हती. जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार जणींमध्ये साधारण एकीला असा त्रास व्हायचा, नव्या गोळ्यांवर तो दोघींना होत होता. मथळ्यांत मात्र 'दुप्पट' तेवढे राहिले, सात हजार गळून पडले. घाबरून कितीतरी जणींनी गोळी मध्येच सोडली आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपातांची संख्या अंदाजे तेरा हजारांनी वाढली. यातली जास्त दुखरी बाब अशी, की गरोदरपणात गुठळी होण्याचा धोका त्या गोळीमुळे होणाऱ्या धोक्यापेक्षा मोठा असतो. ज्याला भिऊन गोळी सोडली, त्याच्याच जास्त जवळ त्या गेल्या.

दुसरे उदाहरण २०१५ चे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, बेकन, हॅम यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूही त्याच गटात आहे, त्यामुळे "बेकन सिगारेटइतकेच घातक" असे मथळे जगभर झळकले. त्या गटाचा अर्थ तसा नाही. साक्षीदार किती खात्रीचा आहे एवढेच तो गट सांगतो, गुन्हा केवढा मोठा आहे हे सांगत नाही. सूर्यप्रकाशही त्याच गटात बसलेला आहे! रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा हिशेब होता. आता माणसे मोजू. शंभर जणांपैकी पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होतो असे धरले, तर त्या शंभरांनी जन्मभर रोज तेवढे मांस खाल्ल्यावर पाचाचे सहा होतील. हा सहावा माणूस खरा आहे, त्याला क्षुल्लक म्हणायचे नाही. रोज खात असाल तर कमी करा, हे मीही सांगेन. पण कुठल्यातरी लग्नात दोन तुकडे खाल्ले म्हणून रात्रभर जागे राहू नका.

२०२३ मध्ये कृत्रिम गोडवा देणाऱ्या अॅस्पार्टेमचे तसेच झाले. त्याच संस्थेने त्याला 'कदाचित' या गटात घातले. खाण्यातली सुरक्षित मर्यादा ठरवणाऱ्या वेगळ्या समितीने त्याच दिवशी जुनी मर्यादा कायम ठेवली: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅन डाएट कोला प्यावा लागेल. इतका कोणी पीत असेल तर अॅस्पार्टेम बाजूला ठेवून आधी त्या सवयीबद्दल बोलू.

हीच करामत उलट्या दिशेनेही चालते. "अमुक घेतल्याने धोका निम्म्यावर" अशी जाहिरात असते. हजारात दोघांऐवजी एकाला त्रास झाला तरी तो निम्म्यावरच आला. उरलेल्या ९९९ जणांनी वर्षभर डबे विकत घेतले, ते कशासाठी?

काल वाईट होते, आज चांगले कसे?

"तुम्हा डॉक्टर लोकांचंच एकमत नाही," हा टोमणा मी नेहमी ऐकतो. अंड्याच्या बाबतीत तो थोडा खराही आहे. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नका असे सांगितले. खाण्यातले कोलेस्टेरॉल सरळ रक्तात जाऊन साचते, अशी तेव्हा समजूत होती. पुढे कळत गेले की रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवते, आणि त्यावर बलकापेक्षा संपृक्त चरबीचा, म्हणजे लोणी आणि चरबीदार मांस यांसारख्या पदार्थांचा, परिणाम जास्त होतो. २०१५ च्या आहार मार्गदर्शक सूचनांतून अमेरिकेने दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा काढून टाकली. निरोगी माणसाने रोज एक अंडे खाण्यात मला काही वावगे वाटत नाही. मधुमेह असेल किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल जास्त असेल, तर रिपोर्ट घेऊन या, तुमच्यापुरते ठरवू.

कॉफीचे गाडे जरा वेगळ्या वाटेने गेले. १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयावरून ती त्याच कर्करोग संशोधन संस्थेच्या 'कदाचित' यादीत गेली आणि २०१६ मध्ये पुराव्याअभावी सुटली. जुन्या अभ्यासांत एक घोळ असायचा: भरपूर कॉफी पिणारे पुष्कळदा सिगारेटही ओढायचे, आणि सिगारेटचे पाप कॉफीच्या माथी यायचे. कॉफीला सोडताना त्याच संस्थेने एक इशाराही दिला. ६५ अंशांपेक्षा जास्त गरम, म्हणजे जिभेला चटका देणारे कुठलेही पेय सतत प्यायल्याने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बहुधा वाढतो. जरा निवू द्या, एवढेच.

आहारावरच्या बहुतेक बातम्या अशाच अभ्यासांवर उभ्या असतात. हजारो लोकांना फॉर्म दिले जातात: गेल्या वर्षभरात टोमॅटो आठवड्यातून किती वेळा खाल्लात? एकदा स्वतःला विचारून पाहा आणि उत्तर किती खरे येते ते बघा. वर भाज्या खाणारी माणसे पुष्कळदा चालतात जास्त, ओढतात कमी, झोपतातही वेळेवर. तब्येत नेमकी कशाने सुधारली, हे निवडून काढणे महाकठीण.

याचा सगळ्यात कडू धडा बीटा कॅरोटीनने दिला. गाजरासारख्या भाज्या जास्त खाणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता. मग त्यातला नारिंगी रंगाचा घटक गोळीत भरून दिला तर? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर हा प्रयोग झाला. कोणाला खरी गोळी आणि कोणाला नुसती दिसायला तशी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. १९९४ मध्ये निकाल आला: खरी गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. तेव्हापासून "नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार" असे कोणी म्हटले की मला हीच गोळी आठवते. आणि हो, १८ टक्के म्हणजे कितीचे किती, हे इथेही विचारायला हवे. मदतीसाठी दिलेल्या गोळीने मात्र एकही जण जास्त आजारी पडायला नको होता.

काही बातम्या तर मुद्दाम रचलेल्या असतात. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने काही साथीदारांना घेऊन "चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरते" असा अभ्यास केला. माणसे फक्त पंधरा, मोजमापे अठरा. इतक्या गोष्टी मोजल्या की एखादी नुसत्या योगायोगाने चमकतेच, तशी वजनाची चमकली. बातमी देशोदेशी छापली गेली. नंतर त्याने स्वतःच उघड केले की पत्रकार आणि छापणारे किती तपासतात, हेच त्याला बघायचे होते.

दहा हजार पावले, आठ ग्लास पाणी

हे दोन आकडे पेशंट माझ्याकडून पक्के करून मागतात. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला, प्रयोगशाळेतून नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात दिवसाला सुमारे साडेचार हजार पावलांपासूनच फरक दिसू लागला, आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढला नाही. घड्याळात ९,२०० दिसले म्हणून रात्री अकराला खोलीत येरझारा घालायची गरज नाही.

पाण्याचा आकडा बहुधा १९४५ च्या एका अमेरिकन शिफारशीतून रुजला. दिवसाला अडीच लिटर, असे तीत होते. तिथेच पुढे, यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते, असेही होते. ते वाक्य कोणी वाचले नाही. तहान लागली की प्या. मुतखडा झालेला असेल तर जास्त प्या. हृदय किंवा किडनी अशक्त असेल तर किती प्यायचे ते आम्हाला विचारूनच.

आता ज्यासाठी हे पत्रक काढले ते

बातमी वाचून कोणी एक फळ जास्त खाल्ले तर माझे काही म्हणणे नाही. बातमी वाचून कोणी गोळी बंद केली की मला भीती वाटते.

गेल्या काही वर्षांत "रोजची अॅस्पिरिन घातक" अशा बातम्या बऱ्याच आल्या. त्यांच्यामागे खरे संशोधन आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या एकोणीस हजारांहून जास्त वयस्क लोकांवरच्या अभ्यासात निरोगी माणसांना अॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही, उलट मोठा रक्तस्राव वाढला. २०२२ पासून अमेरिकेतली तज्ज्ञ समितीही सांगते, की साठी ओलांडलेल्यांनी हृदयविकार टाळायला म्हणून ती नव्याने सुरू करू नये. 'निरोगी' आणि 'नव्याने' हे दोन शब्द मथळ्यात मावत नाहीत, आणि जीव त्याच दोन शब्दांत अडकलेला असतो. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, रक्त अडून झालेला पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांच्यासाठी ही बातमी नाहीच. स्टेंट बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत अॅस्पिरिन परस्पर सोडली तर आत गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. अशी गोळी सोडण्याचा विचार आला तर त्याच दिवशी फोन करा. तोवर गोळी चालू ठेवा. काळी शौच होत असेल, उलटीत रक्त दिसले, तर मात्र फोनचीही वाट न पाहता तडक हॉस्पिटल.

बीपीचेही एक सांगून ठेवतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी उच्च रक्तदाबाची व्याख्या १४०/९० वरून १३०/८० वर आणली. एका रात्रीत तिथले ३२ टक्क्यांऐवजी ४६ टक्के प्रौढ 'बीपीचे पेशंट' झाले. त्या रात्री कोणाच्या धमन्यांत काही घडले नव्हते. त्यामुळे १३२ आकडा आला म्हणून शेजाऱ्यांची गोळी मागून घेऊ नका. सात दिवस घरी, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे शांत बसून मोजा, लिहा आणि तो कागद आणा.

"औषध थोडंच आहे ते" म्हणून आम्हाला न सांगता सुरू केलेल्या गोष्टींबद्दलही थोडे. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. किडनीचा आजार असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर रक्तातले पोटॅशियम धोक्याइतके वाढू शकते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. हार्ट अटॅक ओळखणारी रक्तचाचणीही त्याने फसू शकते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन ही गोळी चालू असताना पालेभाज्या एकदम वाढवल्या तर औषधाचा जोर कमी होतो. म्हणून त्या सोडू नका, रोज साधारण सारख्याच प्रमाणात खा. ग्रेपफ्रूट या पपनसासारख्या फळाच्या रसाने कोलेस्टेरॉलच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांचे रक्तातले प्रमाण वाढते.

आमच्याकडून काय मिळेल

बातमीचे कात्रण, स्क्रीनशॉट किंवा फॉरवर्ड, जे असेल ते दाखवा. हसणार नाही. आम्ही इतके बघू: अभ्यास माणसांवर झाला की उंदरांवर, ती माणसे तुमच्यासारखी होती का, कितीचे किती झाले, आणि खाली कोणी काही विकते आहे का. पुष्कळदा पाच मिनिटांत उलगडते. काही वेळा आम्हालाही वाचावे लागते. तसे असेल तर स्पष्ट सांगू आणि पुढच्या भेटीत उत्तर देऊ.

तोवर ज्या गोष्टी वर्षानुवर्षे फारशा बदललेल्या नाहीत त्या चालू ठेवा: दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा आणि त्यात बाहेरच्या पाकिटांतलेही धरायचे, फळे आणि भाज्या मिळून किमान ४०० ग्रॅम, आठवड्याला दीडशे मिनिटे दम थोडा वाढेल असे चालणे, तंबाखू अजिबात नाही. यावर मथळे येत नाहीत, कारण यात नवे काही नाही.

तपासणीला येताना घरात जे जे तोंडात जाते ते सगळे एका पिशवीत घालून आणा. गोळ्यांच्या पट्ट्या, पावडरचे डबे, मुलाने परदेशातून पाठवलेल्या जीवनसत्त्वांच्या बाटल्या, सगळे. नाव आठवत नाही, "ती पिवळी गोळी" एवढेच आठवते, अशा वेळी पिशवीच उपयोगी पडते.