ॲनाटेज का रुटाइल? खवा एकच, भाजणी वेगळी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला टायटॅनियम डायऑक्साइडची थिन फिल्म (अगदी पातळ थर) घेतलेली पोरं हमखास विचारतात, ४५० अंश सेल्सिअसला भाजली काय नि ८०० ला भाजली काय, फॉर्म्युला तोच ना, मग एकीला ॲनाटेज आणि दुसरीला रुटाइल का म्हणायचं? तर ही त्याच पदार्थाच्या स्फटिकांची दोन रूपं, अणूंची मांडणी तेवढी वेगळी. आता साताऱ्यात बसून विचारताय तर पेढ्यावरूनच सांगतो. खवा एकच, पण साधा पेढा वेगळा नि खरपूस भाजलेला कंदी वेगळा, आणि कंदीचा परत साधा होत नाही. ॲनाटेजचं एकदा रुटाइल झालं की भट्टी थंड केली तरी ते मागं येत नाही. फक्त पेढा रंगावरून कळतो, इथं डोळ्यांनी बघून काही कळत नाही.

काचेवर स्पिन कोटिंग करून, म्हणजे द्रावण टाकून काच गरगर फिरवून, नुसती वाळवलेली फिल्म बहुतेक अमॉर्फस असते, अणू कसेही पडलेले. ४०० ते ५०० ला तासभर ठेवली की रांगेत बसतात, ते ॲनाटेज. साधारण ६०० च्या पुढं रुटाइल सुरू होतं, पण हा आकडा काय दगडावरची रेघ नाही, फिल्म कशी बनवली, खाली काच आहे का सिलिकॉन, आत भेसळ कसली, त्यावर तो बराच मागंपुढं सरकतो.

दोन्हीकडं टायटॅनियमभोवती ऑक्सिजन सहाच, पण रुटाइलमध्ये सगळं जास्त दाटीनं बसतं, घनता ३.९ वरून ४.२ च्या आसपास जाते. म्हणून त्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सही (उजेड वळवायची ताकद) जास्त, पांढऱ्या पेंटच्या डब्यात बहुतेक रुटाइलच असतं. बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा, ॲनाटेजचा ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, रुटाइलचा ३.०, म्हणजे रुटाइल थोडा जास्त उजेड पकडतं, तरी फोटोकॅटॅलिसिसला (उजेडाच्या जोरावर रासायनिक क्रिया घडवायला) सहसा ॲनाटेजच सरस ठरतं कारण त्यात उजेडानं सुटलेले इलेक्ट्रॉन नि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली रिकामी जागा) जास्त वेळ टिकतात. जास्त तापवलं म्हणजे जास्त चांगलं, हे डोक्यातून काढा.

खरा घोळ एक्सआरडीत, म्हणजे एक्स-रे टाकून स्फटिकाची मांडणी ओळखायच्या चाचणीत होतो. कॉपरच्या एक्स-रे ट्यूबवर ॲनाटेजचा मुख्य पीक (आलेखातलं टोक) २५.३ अंशाच्या कोनाला, रुटाइलचा २७.४ ला. आता ३५० आणि ५०० ला भाजलेले सॅम्पल शेजारी ठेवले की ५०० चा पीक उंच नि बारीक दिसतो, लगेच पोरं लिहितात फेज (स्फटिकाचं रूप) बदलला. अरे, पीक जागचा हललाय का? नाही ना, मग ते ॲनाटेजच आहे, नुसते कण मोठे झालेत. कण मोठे झाले की सरफेस एरिया मात्र घटतो.

आणि रुटाइलच्या नादात साधी काचेची स्लाइड ६५० ला घालू नका, माझी पहिली बॅच भाजलेल्या पापडासारखी वाकली होती. तिथं क्वार्ट्झ नाहीतर सिलिकॉन वेफर घ्या. ॲनाटेजवर थांबायचं असेल तर साधी काच चालते, पण तापल्यावर तिच्यातलं सोडियम फिल्ममध्ये चढतं, त्यामुळं फोटोकॅटॅलिसिसच्या चाचणीत डाय (रंग) नीट फिकी पडली नाही तर उगाच भट्टीला शिव्या देत बसू नका.