प्रशालेसाठी लोकवर्गणी

सरकारी हायस्कूलच्या वर्गाला लागणारं सामान, म्हणजे बेंच, फळे, प्रयोगशाळेचं साहित्य, प्रोजेक्टर, पाण्याचा फिल्टर, हे लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून घेणं. कागदावर याला लोकसहभाग म्हणतात, गावात सरळ वर्गणी. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलला प्रशाला म्हणायची पद्धत आहे, आणि निजामाच्या काळातल्या शाळा पण इथे अजून आहेत, त्यामुळे इमारतीच्या डागडुजीपासूनच मागणी सुरू होते.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, पण तो 6 ते 14 वयाच्या लेकरांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच, नववी-दहावी त्याच्या बाहेर राहते आणि खरी प्रयोगशाळा लागते ती तिथंच. म्हणून वर्गणीची गरज हायस्कूलला जास्त, असं माझं ठाम मत आहे.

संभाजीनगरच्या कडेला वाळूज, चिकलठाणा असल्या भागात एमआयडीसीतल्या कामगारांची लेकरं शिकतात. तिथं कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजाच्या कामासाठीचा खर्च, हा एक रस्ता, 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना आधीच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचा 2 टक्के खर्च करावा लागतो. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही शाळेला गरज टाकता येते. पण सगळ्यात जवळचा आधार म्हणजे माजी विद्यार्थी. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो, त्यात स्कॅनर टाकला की पुण्यात नोकरीला गेलेला पोरगा पण 500 रुपये पाठवतो. शेतकरी पालकांकडे मागायचं तर सोयाबीन-कापूस विकल्यावर, जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर मागू नये, तेव्हा त्यांच्याच हातात काही नसतं.

"शाळेला मदत करा" म्हटलं की कुणी हलत नाही, "नववीच्या वर्गाला 20 बेंच, एकाला एवढे रुपये" असं सांगितलं की लोक एकेक बेंच उचलतात. अमेरिकेत 2000 साली ब्राँक्समधल्या चार्ल्स बेस्ट नावाच्या शिक्षकानं डोनर्सचूझ ही वेबसाइट सुरू केली तीही याच धर्तीवर, शिक्षकानं नेमकी वस्तू मागायची आणि देणाऱ्यानं ती निवडायची.

पैसे कुणा एका सरांच्या खात्यावर घेऊ नयेत, सर कितीही चांगले असले तरी. शाळेच्या समितीत ठराव घ्यायचा, शाळेच्या खात्यावर पैसे, प्रत्येकाला पावती, आणि आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, चढवायची. 26 जानेवारीच्या झेंडावंदनाला हिशोब वाचून दाखवला तर पुढच्या वर्षी मागायला तोंड राहतं. प्रोजेक्टर द्यायला माणूस मिळतो, त्याचं लाइट बिल भरायला मिळत नाही, म्हणून बिलाची आणि दुरुस्तीची रक्कम पहिल्याच मागणीत धरावी.