सालबाईचा तह

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचा (१७७५–८२) शेवट करणारा तह. ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सुमारे ३२ किमी. वरील सालबाई येथे महादजी शिंद्यांच्या छावणीत १७ मे १७८२ रोजी तो ठरला. पेशव्यांच्या वतीने महादजींनी आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने डेव्हिड अँडरसन याने त्यावर सह्या केल्या. कलमे एकूण १७.

युद्धाचा प्रारंभ पेशवेपदाच्या वादातून झाला. पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो नाकारून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी नामुष्कीचा करार पत्करला आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने तोही फेटाळला. पुण्याच्या दरबाराचा इंग्रजी शब्दावरचा विश्वास उडाला तो या क्रमाने. पुढील बोलण्यांत नाना फडणीस प्रत्येक कलमाला हमी मागत राहिले याचे मूळ येथे शोधले पाहिजे.

लढायांचा तपशील त्या त्या नोंदींत पाहावा. तहाच्या दृष्टीने महत्त्वाच्या घटना अशा : ३–४ ऑगस्ट १७८० च्या रात्री इंग्रज अधिकारी पॉपहॅमच्या तुकडीने शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला व तो इंग्रजांच्या बाजूच्या, ग्वाल्हेरजवळील गोहदच्या राण्याकडे गेला, डिसेंबर १७८० मध्ये वसई पडली, १७८१ मध्ये इंग्रज सेनापती गोडार्डची बोरघाटाकडील चढाई फसली. दुसरीकडे नानांनी निजाम, हैदर अली व नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून चौकडी उभी केली होती. हैदराने १७८० च्या जुलैमध्ये कर्नाटकात उतरून सप्टेंबरात पोल्लिलूरला इंग्रजी फौज बुडवली. हेस्टिंग्जने गुंटूर परत देऊन निजामाला आणि पैसा देऊन मुधोजी भोसल्यांना बाजूला काढले. महादजी व हैदर मात्र उरले.

या युद्धाचा शेवट केवळ दख्खन-माळव्यातील हारजितीने झाला असे मानणे अपुरे आहे. फ्रान्स १७७८ पासून इंग्लंडशी लढत होता. त्याआधीच सेंट लुबिन हा फ्रेंच हस्तक पुण्यात येऊन गेल्याने कलकत्त्यात धास्ती बसली होती. ऑक्टोबर १७८१ मध्ये अमेरिकेतील यॉर्कटाउनला इंग्रजी सैन्याने शरणागती पत्करली आणि १७८२ च्या आरंभी फ्रेंच नौसेनानी सफ्रेनचे आरमार कोरोमंडल किनाऱ्यावर आले. हैदर आणि फ्रेंच एकत्र येत असताना मराठ्यांशी लढत राहणे कंपनीला झेपणारे नव्हते. इतर युरोपियनांच्या वखारींना बंदी घालणारे, जुन्या पोर्तुगीज वखारींचा तेवढा अपवाद करणारे तहातील कलम फ्रेंचांना उद्देशूनच आहे.

बोलणी एका वाटेने झाली नाहीत. गोडार्ड पश्चिम किनाऱ्यावरून पुण्याशी संधान बांधून होता, नागपूरकर आपली मध्यस्थी पुढे करत होते आणि मद्रासच्या अधिकाऱ्यांनीही सप्टेंबर १७८१ मध्ये पेशव्यांना स्वतंत्र पत्र धाडले. हेस्टिंग्जला या साऱ्या वाटा बंद करून एकच हवी होती. ती त्याला महादजींमध्ये सापडली. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी कर्नल म्यूर याने त्यांच्याशी स्वतंत्र करार केला : इंग्रजी फौजेने यमुनेपलीकडे जावे, महादजींनी उज्जैनकडे परतावे आणि पेशवे व कंपनी यांच्यात समेटाचा प्रयत्न करावा. या करारानंतर अँडरसन छावणीत आला. नानांचे वकीलही तेथे होते, पण मसुद्यावरचा अंतिम शब्द छावणीचा होता, पुण्याचा नव्हे.

तहान्वये पुरंदरनंतर जिंकलेला मुलूख, वसईसह, इंग्रजांनी परत केला; साष्टी व मुंबईजवळची लहान बेटे मात्र त्यांच्याकडे राहिली. रघुनाथरावांना इंग्रजांनी पुढे आश्रय देऊ नये, ते महादजींकडे राहायला गेल्यास त्यांना दरमहा २५,००० रुपये मिळावेत असे ठरले. फत्तेसिंग गायकवाडांचा मुलूख पूर्ववत ठेवून त्यांनी पेशव्यांना पूर्वीप्रमाणे खंडणी द्यावी, मात्र मागील काळाची बाकी मागू नये असे कलम होते. हैदराने इंग्रजांचा व अर्काटच्या नबाबाचा घेतलेला मुलूख आणि कैदी सहा महिन्यांत परत करावेत, ही जबाबदारी पेशव्यांनी घेतली. सर्वांत लक्षणीय कलम हमीचे : दोन्ही पक्षांनी महादजींनाच जामीन केले आणि जो तह मोडील त्याला वठणीवर आणण्याचे काम त्यांच्याकडे दिले. एक सरदार आपल्याच धन्याच्या वचनाचा जामीन होतो, हा प्रकार मराठी राज्यव्यवस्थेत फार दूरवर परिणाम करणारा ठरला.

तहाच्या तारखेविषयी लेखकांत एकवाक्यता नाही, कारण कोणती तारीख धरावी हाच प्रश्न आहे. सह्या १७ मे १७८२ च्या. हेस्टिंग्जची मान्यता ६ जूनची. पुण्याची मान्यता सामान्यतः डिसेंबर १७८२ ची मानतात आणि मान्यताप्राप्त प्रतींची देवघेव फेब्रुवारी १७८३ मध्ये झाली असे सांगतात. त्यामुळे काही ग्रंथ १७८२, तर काही १७८३ हे वर्ष देतात. मध्ये गेलेल्या महिन्यांचा अर्थही दोन प्रकारे लावला जातो. नाना महादजींच्या वाढत्या वजनाला अडथळा करत होते असे एक मत. दुसरे असे की, हैदराला दिलेला शब्द असताना त्याच्याविरुद्धच्या कलमावर शिक्का मारणे पुण्याला शक्य नव्हते. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला आणि त्यानंतर मान्यता आली. घटनाक्रम पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. महादजींविषयी संशय होता, नाही असे नाही, पण त्याने एवढ्या दिरंगाईचा उलगडा होत नाही. हैदराविषयीचे कलम पुढे पाळलेही गेले नाही. टिपूने ११ मार्च १७८४ रोजी मंगळूरला इंग्रजांशी परस्पर तह केला, त्यात सालबाईचा आधार घेतला गेला नाही आणि त्यामुळे पुण्याइतकाच हेस्टिंग्जही नाराज झाला.

ग्वाल्हेरच्या दृष्टीने तहाचा परिणाम तात्काळ जाणवला. गोहदच्या राण्याने करार मोडला असे म्हणून इंग्रजांनी त्याचा पाठिंबा काढला आणि महादजींनी १७८३ मध्ये किल्ला परत घेतला. आज ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत किल्ल्याची गोष्ट पॉपहॅमपासून सुरू होते. ती सालबाईला पुरी होते हे क्वचित सांगितले जाते. अँडरसन महादजींच्या दरबारी रेसिडेंट (कंपनीचा वकील) म्हणून राहिला. रघुनाथराव गोदाकाठी कोपरगावास गेले व १७८३ च्या डिसेंबरात तेथेच वारले.

कंपनी व मराठे यांच्यातील शांतता सुमारे वीस वर्षे टिकली. वडगावच्या इंग्रज ओलिसांना चांगले वागवल्याबद्दल महादजींना भडोच देण्यात आले होते. १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी ते काबीज केले आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांनी त्यावरील हक्क सोडला.