बाहुलीचे कपडे : शिवण्याच्या सोप्या पद्धती

बाहुलीचे कपडे शिवणे : खेळण्यातील बाहुलीच्या मापाचे कपडे घरच्या घरी बेतून शिवण्याची कला. चिंध्यांच्या बाहुलीला तुकडा गुंडाळला की काम भागत असे. १९५९ साली बाजारात आलेल्या साडेअकरा इंची बार्बीमुळे आणि तशाच इतर प्लॅस्टिकच्या बाहुल्यांमुळे मापात बसणारे, काढता-घालता येणारे कपडे लागू लागले. कोल्हापुरात या कामाला माल कमी पडत नाही. ब्लाउज शिवणाऱ्यांकडे कातरण साचलेले असते, महाद्वार रोडवर साड्या नि खण मिळतात आणि पॉपलीन-केंब्रिकसाठी नावाजलेले इचलकरंजी याच जिल्ह्यात आहे.

खरी अडचण अशी की बाहुली लहान होते, कापड मात्र लहान होत नाही. बार्बी माणसाच्या साधारण एक षष्ठांश मापाची. अडीच मिलिमीटरचा नेहमीचा टाका तिच्या हिशेबाने दीड सेंटिमीटरचा होतो आणि पाव इंचाचा दाब, म्हणजे शिलाईपलीकडे सोडलेले कापड, दीड इंचाचा. म्हणून मोठ्यांच्या ब्लाउजचा कागद लहान करून बेतला की पोलके फुगते, मुंढा (बाही जोडायची गोलाई) बसत नाही. जोड कमी आणि थर कमी, हेच सगळ्या सोप्या युक्त्यांचे मूळ.

कापड पातळ, घट्ट विणीचे घ्यावे : मलमल, केंब्रिक, जुन्या साडीचा मऊ पदर. होजिअरीच्या कडेचे धागे निघत नाहीत, त्यामुळे जुन्या टी-शर्टचा झगा दुमड न घालताही चालतो. मोज्याचा पायाकडचा भाग कापून टाकला की उरलेल्या नळीचा विनाशिलाई फ्रॉक होतो. मशीनला ९ किंवा ११ नंबरची सुई लावून टाका दीड मिलिमीटरचा ठेवावा. चिमुकला तुकडा मशीनच्या सुईखालच्या पट्टीच्या भोकात ओढला जातो. त्याला उपाय म्हणजे खाली पातळ कागद ठेवून त्यासकट टीप मारायची आणि मग कागद फाडून काढायचा. वळणाशी पायडल सोडून चाक हाताने फिरवले की एकेक टाका हवा तिथे पडतो.

परकर-पोलके हा शिकाऊ हातासाठी सर्वांत चांगला जोड. परकर म्हणजे एक आयत. खणाच्या काठालगत पट्टी कापावी, म्हणजे काठच खालची कड होतो आणि दुमडायला काही उरत नाही. काठ बाहुलीच्या मानाने रुंद दिसतो खरा, पण शोभतोही तोच. एरवी चुण्यांसाठी कमरेच्या तिप्पट कापड घेतात. खण जाड असल्याने इथे दुप्पट पुरे. वर नेफा शिवून त्यात बारीक इलॅस्टिक ओवावे. घेरदार झगा हवा असेल तर कमरेच्या मापाला ६.२८ ने भागून येणाऱ्या त्रिज्येचे वर्तुळ मधोमध कापतात. साडेतीन इंचांच्या कमरेला ती अर्ध्या इंचाहून किंचित जास्त येते.

पोलक्याची बाही वेगळी लावण्याच्या भानगडीत पडूच नये. कापड चौपदरी दुमडून बाहीसकट एकच आकार कापावा, म्हणजे खांद्याला शिलाईच येत नाही. पाठ मधून पूर्ण उघडी ठेवावी. कापड सपाट असतानाच गळ्याला उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावावी, बाहीची कड दुमडून घ्यावी आणि शेवटी बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक टीप मारावी. काखेच्या वळणात टिपेपर्यंत, पण टीप न तुटेल असा, कातरीचा कट द्यावा. तो राहिला तर काखेत चुणी पडते. बिनबाहीच्या पोलक्याला गळा नि मुंढा दुमडत बसण्यापेक्षा अख्खे अस्तर लावून उलटवणे सोपे.

काज-बटणाऐवजी पाठीला पातळ वेल्क्रो किंवा टिचबटण लावतात. लांब केसांच्या बाहुलीला टिचबटणच बरे, वेल्क्रोच्या खरखरीत बाजूत केस अडकतात. तीन वर्षांखालील मुलांच्या बाहुलीला मात्र बटण, मणी, टिकली काहीच नको, ती तोंडात जाते. कपडे चढवताना बोटे बाहीत अडतात, तेव्हा हातावर छोटी प्लॅस्टिकची पिशवी घातली की बाही सरकते.

नऊवारीचे गणित गमतीचे आहे. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर, एक षष्ठांश मापाने १.३७ मीटर. एवढे कापड खरोखर नेसवले तर कमरेशी गठ्ठाच होतो. त्यामुळे धोतरासारखी चोळणा-निऱ्यांची तयार शिलाई करून पदर वेगळा टाकतात. फेटाही पुन्हापुन्हा बांधायचा नसतो, एकदा गुंडाळून आतून टाके घातले की टोपीसारखा काढता येतो.

गडद लाल, निळ्या, काळ्या कापडाचा रंग बाहुलीच्या व्हिनाइलच्या (मऊ प्लॅस्टिकच्या) अंगात उतरतो आणि साबणाने जात नाही. असे कापड आधी पाण्याला रंग सुटेनासा होईपर्यंत धुवावे, नाहीतर आतून पांढरे अस्तर लावावे.