शाकारणीच्या गवताचा कोपरा: थॅकरे आडनावाची पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये वॉशबर्न नावाची एक लहानशी नदी आहे. लीड्स शहराची तहान भागवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात तिच्यावर एकामागोमाग एक धरणं झाली. त्यातलं फ्यूस्टनचं धरण १८७९ मध्ये पुरं झालं. ग्रेट टिंबल गावाच्या हद्दीतली 'थॅक्रे' नावाची जागा या धरणाच्या पाण्याखाली गेली. जागा गेली, पण तोवर तिचं नाव माणसांना लागून पाचशे वर्षं होत आली होती. थॅकरे हे इंग्लंडमधलं विरळा आडनाव तिथलं.

नावाचा अर्थ अगदी साधा आहे. नवव्या-दहाव्या शतकात उत्तर इंग्लंडमध्ये स्कँडिनेव्हियातून आलेली माणसं स्थायिक झाली आणि त्यांची भाषा तिथल्या ओढ्या-टेकड्यांच्या नावांत मुरली. त्या जुन्या नॉर्स भाषेत 'थाक' म्हणजे छपरावर घालायचं गवत किंवा लव्हाळं, आणि 'व्रा' म्हणजे कोपरा, एका बाजूला पडलेली जागा. थॅक्रे म्हणजे जिथून घर शाकारायला गवत कापून आणतात तो कोपरा. आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यात अशी एखादी जागा सापडते.

या 'थाक'चा जुन्या इंग्रजीतला सख्खा भाऊ दक्षिण इंग्लंडमध्ये 'थॅच' झाला. उत्तरेकडे शब्दाच्या शेवटी 'क' टिकला, दक्षिणेकडे त्याचा 'च' झाला. चर्चला स्कॉटलंडात आणि उत्तरेत 'कर्क' म्हणतात, ती याच तऱ्हेची जोडी. घरं शाकारणारा तो दक्षिणेत थॅचर आणि उत्तरेत थॅकर. म्हणजे मार्गारेट थॅचर यांचं सासरचं आडनाव आणि थॅकरे यांचं मूळ एकाच गवतात आहे. आणखी मागे गेलं तर बरेच भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचं नातं 'झाकणे' या अर्थाच्या संस्कृत 'स्थग्' धातूशी लावतात. आपल्या सभा ज्याने 'स्थगित' होतात तो हाच धातू, आणि खरं ते झाकून ठेवणारा 'ठग'ही त्यातलाच. हे नातं फार दूरचं आहे, त्यावरून कुणी थॅकरे मंडळींना ठग म्हणू नये.

गावावरून आडनाव पडण्याची रीत मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आपण 'कर' लावतो, मध्ययुगीन इंग्लंडमधला कारकून नावापुढे फ्रेंच 'द' लिहून मग गाव लिहायचा. फरक आहे तो काळाचा. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर जमीनदार घराण्यांची आडनावं हळूहळू ठरत गेली. उत्तरेतल्या शेतकऱ्या-मजुरांपर्यंत ती यायला मात्र चौदावं शतक उजाडलं. त्याआधी बाप एका नावाने आणि मुलगा दुसऱ्या नावाने ओळखला जाणं सर्रास चाले. माणूस गाव सोडून गेला की नव्या गावचे लोक त्याला जुन्या गावच्या नावाने हाक मारत. थॅक्रेत राहणाऱ्याला थॅक्रेचा म्हणून काय उपयोग, तिथे सगळेच थॅक्रेचे. म्हणून गावावरून पडलेलं आडनाव हा बहुधा कुणीतरी गाव सोडल्याचा पुरावा असतो, मग तो शेजारच्या खोऱ्यात का गेलेला असेना.

यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग भागातल्या आडनावांचा शोध घेणाऱ्यांना १३७९ च्या डोईपट्टीने मोठी मदत केली. दुसऱ्या रिचर्डच्या कारकिर्दीत युद्धखर्चासाठी सोळा वर्षांवरच्या लोकांवर हा कर बसवला होता. सामान्य माणसाला चार पेन्स, मग श्रीमंतांना चढत्या भाजणीने जास्त. वेस्ट रायडिंगच्या गाववार याद्या सुदैवाने टिकल्या. कर चुकवणाऱ्यांची नावं अर्थातच त्यांत नाहीत, पण आडनावं नुकती पक्की होत असतानाचं इतकं बारकाईचं चित्र इंग्लंडच्या फार थोड्या भागांना मिळालं आहे. त्यानंतरचा मोठा आधार १५३८ चा. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चने बारसं, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी असा हुकूम काढला. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली ती थेट १८३७ मध्ये.

या वह्यांमुळे एक घोळही झाला. नाव लिहायचा तो चर्चचा कारकून किंवा पाद्री, आणि तो कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. ज्यांचं नाव लिहिलं जातंय त्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं, मग हरकत कोण घेणार? त्यामुळे थॅक्रे, थॅकरे, थॅक्रा, थॅकवरे, थॅकारा अशी एकाच नावाची कितीतरी रूपं झाली. एकाच कुटुंबातल्या दोन भावांच्या नोंदी दोन स्पेलिंगांनी झालेल्या आढळल्या तर नवल वाटू नये. आजही लीड्सच्या बाजूला दिसतं ते बहुधा दोन अक्षरी 'थॅक्रे', मधल्या 'ई' शिवायचं. तीन अक्षरी 'थॅकरे' हे रूप एका शाखेने धरून ठेवलं आणि तेच जगभर गेलं. तिच्याकडे पुढे येऊ.

बाकीचे थॅक्रे फारसे कुठे गेलेच नाहीत. आडनावांचा भूगोल मांडणारे लोक साधारणपणे १८८१ ची जनगणना पाया धरतात. तिच्या सगळ्या नोंदी स्वयंसेवकांनी हाताने उतरवून काढल्या आहेत आणि खेड्यांतून लोक शहरांत गेले असले तरी आडनावाच्या मूळ जागेचा ठसा त्यांत अजून पुसलेला नाही. स्मिथ किंवा टेलरसारखं धंद्यावरचं आडनाव या नकाशावर देशभर पसरलेलं दिसतं, कारण लोहार आणि शिंपी गावोगावी होते. एका छोट्या वस्तीवरून पडलेलं आडनाव मात्र शाईचा थेंब पडावा तसं एकाच ठिकाणी गडद असतं आणि कडेला विरत जातं. थॅक्रे-थॅकरेचा थेंब वॉशबर्न, निड आणि व्हार्फ या नद्यांच्या खोऱ्यांत पडलेला आहे, आणि त्याचा ओघळ दक्षिणेला लीड्सकडे गेलेला दिसतो.

ओघळ लीड्सकडेच का गेला हे उघड आहे. लोकर आणि तागाच्या गिरण्यांनी हे शहर फुगत होतं. १८०१ मध्ये त्याची वस्ती सुमारे ५३ हजार होती, १८८१ मध्ये ती ३ लाख ९ हजारांवर गेली. आसपासच्या खोऱ्यांतली माणसं शहरात आली, मग शहराला पाणी पुरेना, म्हणून त्याच खोऱ्यांत धरणं झाली. थॅक्रेंची माणसं आधी लीड्सला गेली, मागोमाग थॅक्रेचं पाणीही गेलं.

लीड्समधल्या दोघांचा उल्लेख करायलाच हवा, कारण 'व्हॅनिटी फेअर' लिहिणारा कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे याच्या झगमगाटात ते मागे पडतात. चार्ल्स टर्नर थॅक्रा (१७९५–१८३३) हा डॉक्टर. कोणत्या धंद्याने माणसाला कोणता आजार होतो याचा पद्धतशीर अभ्यास करून त्याने १८३१ मध्ये पुस्तक लिहिलं. तागाच्या धुळीत काम करणाऱ्यांची फुप्फुसं, शिंप्यांच्या वाकलेल्या पाठी, गिरण्यांत राबणारी मुलं, सगळं त्यात आहे. ब्रिटनमधल्या व्यवसायजन्य रोगांच्या शास्त्राचा पाया तिथे घातला गेला. त्याच वर्षी लीड्सची वैद्यकीय शाळा सुरू झाली, तिच्या संस्थापकांतही तो होता. अडतिसाव्या वर्षी क्षयाने गेला. दुसरा चार्ल्स एफ. थॅक्रे. १९०२ मध्ये लीड्सच्या ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर त्याने औषधांचं दुकान घेतलं. त्यातून शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारी मोठी कंपनी उभी राहिली, आणि १९६० च्या दशकात सर्जन जॉन चार्नली यांनी बसवलेला कृत्रिम खुबा याच कंपनीने तयार केला. १८६१ मध्ये उघडलेल्या 'वर्कहाउस'च्या, म्हणजे निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या संस्थेच्या इमारतीत आज थॅक्रे वैद्यकीय संग्रहालय आहे. गुडघे-खुबे बदलून आलेले आपल्याकडचे किती आजी-आजोबा या आडनावाचे नकळत ऋणी असतील कोण जाणे.

आता ती एक शाखा. टिंबलपासून आठ-दहा किलोमीटरवर हॅम्प्सथ्वेट नावाचं खेडं आहे. तिथल्या शेतकरी थॅकरे घराण्यात १६९३ मध्ये थॉमस जन्मला. शिकला, पाद्री झाला आणि १७४६ मध्ये लंडनजवळच्या हॅरो शाळेचा मुख्याध्यापक झाला. एका पिढीत घराण्याने खोरं सोडलं. थॉमसला सोळा मुलं. इतक्या मुलांना पाद्र्याच्या मिळकतीत मार्गाला लावायचं कसं, हा त्या काळातल्या अनेक इंग्रज घरांतला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर बहुतेकांना ईस्ट इंडिया कंपनीत सापडे.

थॉमसचा धाकटा मुलगा विल्यम मेकपीस थॅकरे (कादंबरीकाराचा आजोबा, दोघांचं नाव एकच) १७६६ मध्ये कंपनीचा कारकून म्हणून कलकत्त्याला आला. १७७२ मध्ये सिल्हेटचा (आता बांगलादेशात) कलेक्टर झाला. तिथे त्याने जंगली हत्ती पकडून कंपनीलाच विकण्याचा धंदा केला आणि तिशी गाठायच्या आत गब्बर होऊन मायदेशी परतला. कलेक्टरनेच आपल्या सरकारला हत्ती विकायचे, यात कुणाला फारसं वावगं वाटत नव्हतं, असा तो काळ. त्याची बहीण जेन हिचं लग्न जेम्स रेनेलशी झालं. बंगालची मोजणी करून हिंदुस्थानचा नकाशा काढणारा तो हाच रेनेल.

या विल्यमचे सहा मुलगे हिंदुस्थानात आले. थोरला विल्यम मद्रासला थॉमस मन्रोच्या बाजूने रयतवारीसाठी हिरिरीने लढला. जमीनदार मध्ये न घालता सरकारने थेट शेतकऱ्याकडून सारा घ्यावा, या बाजूने १८०७ मध्ये त्याने लिहिलेला अहवाल प्रसिद्ध आहे. पुढे मुंबई इलाख्यात, म्हणजे आपल्या दख्खनमध्ये, रयतवारी आली ती याच विचाराच्या परंपरेतून. एक भाऊ १८१४ मध्ये नेपाळच्या युद्धात मेला. रिचमंड कलकत्त्याला महसूल खात्यात चढत गेला.

आणि सेंट जॉन थॅकरे. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण मराठा मुलखाचा कारभार लावण्यासाठी जे इंग्रज अधिकारी आले त्यांतला हा धारवाडचा कलेक्टर. कित्तूरचा राजा सप्टेंबर १८२४ मध्ये निपुत्रिक वारला. दत्तक मान्य करायला थॅकरे तयार नव्हता. खजिन्यावर त्याने पहारे बसवले आणि किल्ल्याचा दरवाजा उघडला नाही तर तोफा डागू, असा धाक घातला. २३ ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्माच्या माणसांनी दरवाजा उघडला, पण शरण जायला नव्हे. त्या धुमश्चक्रीत थॅकरे ठार झाला. बेळगाव-धारवाडकडे आजही ही गोष्ट लहान मुलांना ठाऊक असते. मात्र चन्नम्माच्या हातून पडलेला तो कलेक्टर कादंबरीकार थॅकरेचा सख्खा काका, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

कादंबरीकार म्हणजे रिचमंडचा मुलगा. जन्म कलकत्त्याचा, १८ जुलै १८११. वडील तो चार वर्षांचा असताना गेले आणि पाचव्या वर्षी त्याला एकट्याला विलायतेला पाठवलं. वाटेत जहाज सेंट हेलेना बेटाला थांबलं तेव्हा नोकराने त्याला बागेत फेऱ्या मारणारा नेपोलियन दाखवला, ही आठवण त्याने स्वतः सांगितली आहे. 'मेकपीस' या त्याच्या मधल्या नावाबद्दल घराण्यात एक दंतकथा होती: राणी मेरीच्या काळात धर्मासाठी जाळल्या गेलेल्या कुणा पूर्वजाचं ते नाव. तिला कागदाचा आधार नाही.

आडनावांच्या शास्त्रात एक गोष्ट नेहमी दिसते, ती इथेही आहे. ज्या माणसाने हे आडनाव जगाला माहीत करून दिलं त्याच्यापासून ते पुढे चाललंच नाही. त्याला मुलगा नव्हता. तीन मुलींपैकी एक तान्हेपणीच गेली, अ‍ॅन लग्नानंतर रिची झाली, हॅरिएट स्टीफन. नाव टिकलं ते चुलत शाखांत आणि यॉर्कशरच्या त्या खोऱ्यांत, ज्यांच्याशी त्याचा काही संबंधही उरला नव्हता. आणखी एक तुकडा अमेरिकेत गेला, 'थॅकारा' या रूपात. वॉशिंग्टन शहराचा आराखडा १७९२ मध्ये ताम्रपटावर कोरून छापला तो फिलाडेल्फियाच्या थॅकारा आणि व्हॅलन्स यांनी.

मग पनवेल. केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, जन्म १८८५. एक पूर्वज धोडप किल्ल्याचा किल्लेदार होता, म्हणून आजोबा धोडपकर. वडील पनवेलला राहिले म्हणून पनवेलकर. मुलाला शाळेत घालताना वडिलांनी घराण्याचं जुनं आडनाव लावलं, ठाकरे. तीन पिढ्यांत तीन आडनावं. चौदाव्या शतकातल्या यॉर्कशरच्या शेतकऱ्याला यात काहीच चमत्कारिक वाटलं नसतं. प्रबोधनकार कादंबरीकार थॅकरेचे चाहते होते आणि त्या आवडीतून त्यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग हुबेहूब त्याच्यासारखं केलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. यॉर्कशरच्या थॅकरेशी मराठी ठाकरे या शब्दाचं मुळातून काही नातं नाही. जुळली ती फक्त अक्षरं.

त्यामुळे नुसतं स्पेलिंग मोजून आडनावांचे नकाशे काढणाऱ्यांची मोठी पंचाईत होते. त्यांच्या एकाच खान्यात हॅम्प्सथ्वेटचे शेतकरी येतात, सिल्हेटचा हत्तीवाला येतो, कित्तूरला पडलेला कलेक्टर येतो आणि दादरचं एक घराणंही येतं. लीड्सचा थॅक्रा डॉक्टर आणि खुबे बनवणारे थॅक्रे, जे खरोखर त्या गवताच्या कोपऱ्यातले, ते मात्र एका 'ई' च्या अभावी भलत्याच रकान्यात जाऊन पडतात.