हजार धावांमागचा गुणाकार

शालेय सामन्यात एखाद्या मुलाने पाचशे-सातशे धावा कुटल्या की ‘दैवी देणगी’, ‘नवा सचिन’ असे मथळे झळकतात आणि समोरच्या संघाची बोळवण शेवटच्या ओळीत होते. वास्तविक अशा डावाचे बरेचसे स्पष्टीकरण त्या शेवटच्या ओळीतच असते.

जानेवारी 2016 मध्ये कल्याण येथे पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडे याने आंतरशालेय सामन्यात नाबाद 1009 धावा करून इंग्लंडमधील शाळकरी खेळाडू ए. ई. जे. कॉलिन्स यांचा 1899 सालचा नाबाद 628 धावांचा विक्रम मोडला. त्याच्या संघाने 3 बाद 1465 धावांवर डाव घोषित केला. प्रतिस्पर्धी संघ 31 आणि 52 धावांत गारद झाला. निकालापुरता विचार केला तर 84 धावा पुरेशा होत्या. उरलेल्या 1381 धावांनी निकालात काहीच भर घातली नाही.

आता त्यामागचे गणित पाहू. समजा, प्रत्येक चेंडूवर फलंदाज बाद होण्याची शक्यता पन्नासात एक आहे. मग एक चेंडू निभावण्याची शक्यता 0.98, सलग दोन चेंडू निभावण्याची 0.98 गुणिले 0.98, आणि त्या डावात धनावडे खेळला तसे सुमारे सव्वातीनशे चेंडू निभावायचे तर हाच गुणाकार सव्वातीनशे वेळा करावा लागतो. उत्तर येते अंदाजे 0.0014, म्हणजे सातशे डावांत जेमतेम एकदा. आता गोलंदाजी इतकी कोवळी धरा की बाद होण्याची शक्यता पाचशेत एक उरेल. मग तेच उत्तर 0.52 होते. एका चेंडूवरची शक्यता दहापटीने घटली, परंतु डाव टिकण्याची शक्यता सुमारे 370 पटींनी वाढली! गुणाकाराची ही करामत एकदा ध्यानात आली की एवढी धावसंख्या फलंदाजाच्या गुणवत्तेइतकीच, किंबहुना अधिक, दोन संघांमधील दरी मोजते, हे पटते.

शिवाय ही शक्यता डावभर स्थिर राहत नाही. उन्हात दिवसभर धावलेल्या मुलाच्या हातून झेल सुटतो, गोलंदाजाचा खांदा उतरतो, टप्पा आखूड पडू लागतो, आणि बाद होण्याची शक्यता आणखी घटते. दरी स्वतःच स्वतःला रुंदावत जाते. त्यात वयाची भर. मुलग्यांची उंची साधारण तेरा-चौदाव्या वर्षी सर्वाधिक वेगाने, वर्षाला नऊ सेंटिमीटरच्या आसपास वाढते आणि स्नायूंचे बळ त्यानंतर येते. म्हणून बारा वर्षांचा गोलंदाज व पंधरा वर्षांचा फलंदाज यांच्यातील तीन वर्षांचे अंतर तिशीतल्या दोघांमधील तीन वर्षांच्या अंतरासारखे नसते.

दोष खेळणाऱ्या मुलाचा नाही. त्याला खेळ म्हटल्यावर तो खेळणारच. प्रश्न सीमारेषेबाहेरच्या मोठ्यांचा आहे. फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांची आघाडी मिळताच लढत थांबते. अमेरिकेतील लिटल लीग बेसबॉलमध्ये चार डावांनंतर दहा धावांची आघाडी असल्यास सामना संपतो. क्रिकेटच्या नियमांत अशी आपोआप चालणारी कळ नाही; मात्र कर्णधार डाव केव्हाही घोषित करू शकतो आणि फलंदाज बाद न होताही आपला डाव सोडून निवृत्त होऊ शकतो. लहान गटांच्या काही स्पर्धांत तर ठरावीक धावांनंतर फलंदाजाने बाजूला होण्याचे बंधन असते. शालेय स्पर्धांच्या नियमावलीत ही एक ओळ घालण्यास पैसाही लागत नाही, आणि तंबूत पॅड बांधून ताटकळणाऱ्या सातव्या-आठव्या क्रमांकाच्या मुलांना त्यामुळे फलंदाजी तरी मिळेल.